गुन्हेगारीशास्त्र निवडण्यापूर्वी

पत्र : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. पुढे गुन्हेगारीशास्त्रात एम. ए. करावे असे मनात आहे. गुन्ह्यांच्या तपासावरच्या मालिका मी शाळेत असल्यापासून पाहत आले. शिवाय दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतला सतरा वर्षांचा एक मुलगा मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात सापडला, काही आठवडे निरीक्षणगृहात राहून परत आला आणि तेव्हापासून त्याला कोणी कामावर ठेवीना, हे मी जवळून पाहिले. वडील एसटीत वाहक आहेत. ते म्हणतात, मुलीच्या जातीने चोर-दरोडेखोरांचा अभ्यास करून काय मिळवायचे, त्यापेक्षा बी. एड. कर किंवा स्पर्धा परीक्षेला बस. परराज्यातील एका खासगी विद्यापीठाने प्रवेश देऊ केला आहे, पण शुल्कासाठी कर्ज काढावे लागेल. या पदवीने पोलिसांत किंवा फॉरेन्सिक प्रयोगशाळेत नोकरी मिळते का? हा विषय निवडावा की नाही?

उत्तर : प्रिय विद्यार्थिनीस,

तुमच्या पत्रातील नोकरीचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी तुमच्या घरी पोहोचले पाहिजे. पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेला बसण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे ती पात्रता तुमच्याकडे येत्या उन्हाळ्यात येणारच आहे आणि गुन्हेगारीशास्त्राच्या एम. ए.मुळे त्या स्पर्धेत तुमचे पाऊल पुढे पडेल असे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांच्या यादीत समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, विधी हे विषय आहेत, गुन्हेगारीशास्त्र नाही. तेव्हा खाकी वर्दी हेच तुमचे ध्येय असेल, तर दोन वर्षे आणि कर्जाचे पैसे दुसरीकडे घालवू नका. समाजशास्त्र पक्के करा, मैदानी चाचणीची तयारी आजपासून सुरू करा आणि थेट परीक्षेला बसा.

प्रयोगशाळेचा रस्ता तर पूर्णपणे वेगळा आहे. मुंबईत कालिना येथे आपल्या राज्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय आहे. तेथे रक्त, विष, गोळीचे अवशेष, हस्ताक्षर यांची तपासणी करणारी माणसे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञान घेऊन आलेली असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, ज्याचे एक संकुल गोव्यात फोंड्याजवळही आहे, यांतले प्रयोगशाळेचे अभ्यासक्रम विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याने, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे, त्यामुळे या क्षेत्रात माणसांची गरज वाढणार हे खरे. परंतु समाजशास्त्राच्या पदवीवर त्या दारातून आत जाता येत नाही. मालिकांनी तुमच्या मनात जे चित्र तयार केले आहे ते बहुतांशी या दोन जागांचे, म्हणजे पोलीस ठाण्याचे आणि प्रयोगशाळेचे आहे, आणि गुन्हेगारीशास्त्राचा वर्ग या दोन्हींपासून बराच दूर भरतो.

त्या वर्गात काय चालते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की कोणते राज्य गुन्ह्यांत पुढे आहे याचे मथळे येतात. एकूण गुन्ह्यांच्या दरात केरळचे स्थान अनेक वर्षे वरचे राहिले आहे. मग केरळ हा देशातला सर्वांत असुरक्षित प्रदेश मानायचा का? ज्या राज्यात नागरिक निःसंकोचपणे ठाण्यात जातात आणि ठाण्यातला अंमलदार तक्रार लिहून घेतो, तेथे आकडा फुगतो. जेथे बाई पायरीवरूनच परत पाठवली जाते, तेथे आकडा देखणा दिसतो. त्याच अहवालातला आणखी एक नियम पाहा. एका प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्ह्यांची कलमे लावली असतील, तर मोजणीत त्यांपैकी सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरला जातो. एखाद्या स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून झाला असेल, तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते आणि बलात्काराच्या रकान्यातून नाहीशी होते. अशा रकान्यांमागे काय दडले आहे हे शोधण्यात तुमचे मन रमत असेल, तर हा विषय तुमचा आहे. गुन्हेगाराचा माग काढण्यातच तुम्हाला थरार वाटत असेल, तर पहिल्या सत्रातच तुमचा हिरमोड होईल.

या शास्त्राला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यातला एक भाग आपल्या घराजवळचा आहे. इटलीतील विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्ये मांडले की शिक्षेची क्रूरता वाढवून गुन्हे थांबत नाहीत, शिक्षा होणारच ही खात्री त्यांना आळा घालते. त्याच देशातील डॉक्टर लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये याच्या अगदी उलट दिशा धरली आणि काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, त्यांच्या कवटीवरून आणि जबड्यावरून ती ओळखता येतात, असा सिद्धान्त मांडला. तो पुढे खोटा ठरला. परंतु हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने त्याच्याही पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जमातींवर जन्माने गुन्हेगार हा शिक्का मारून ठेवला होता. पारधी, भामटा, मांग गारुडी अशा कितीतरी जमातींतील माणसांना पुढे हजेरी द्यावी लागली, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड डांबले गेले ती वसाहत आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखली जाते. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. गावात चोरी झाली की पहिली धाड त्यांच्या पालांवर पडण्याची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी १९३९ मध्ये प्रतिष्ठित, सुशिक्षित, कोट घातलेल्या माणसांच्या गुन्ह्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. समाज कोणाला गुन्हेगार म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही, हा प्रश्न या सगळ्यातून पुन्हा पुन्हा वर येतो. तुम्ही समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून मला वाटते की पाठांतराच्या पलीकडे जाऊन तुम्ही या प्रश्नाला भिडू शकाल.

आता तुमच्या पत्रातील ज्या भागामुळे मी हे उत्तर इतके सविस्तर लिहीत आहे, त्याकडे येते. आळीतल्या त्या मुलाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मालिकांवरच्या वाक्यापेक्षा ते मला कितीतरी मोलाचे वाटले. बाल न्याय मंडळासमोर अशा मुलाला, कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालकाला, प्रथम हजर केले जाते तेव्हा मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे मुलाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला, सामाजिक तपास अहवाल सादर करण्यास सांगते आणि त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. माझी सारी नोकरी याच कामात गेली, म्हणून त्या अहवालाबद्दल अधिकाराने सांगू शकते. अधिकारी मुलाच्या घरी जातो. घरात किती माणसे, कमावते कोण, वडील पितात का, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली, दिवसभर मुलगा कोणाबरोबर असतो, यापूर्वी त्याने कधी काम केले का, हे विचारतो. मग तो शेजाऱ्यांशी आणि शाळेतल्या गुरुजींशी बोलतो. छापील नमुन्यात या सगळ्यासाठी रकाने असतात आणि घाईत असलेला अधिकारी ते टेबलाशी बसूनच भरू शकतो. गाडी चोरणारी टोळी मोठ्या मुलांची होती आणि हा केवळ रस्त्याच्या टोकाला उभा राहून लक्ष ठेवत होता, सहावीत आईच्या आजारपणामुळे त्याची शाळा सुटली होती, मामाच्या गॅरेजमध्ये तो मन लावून काम करत होता, असे तपशील अहवालात आले की मंडळापुढे केवळ चोरीचे एक प्रकरण न राहता सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहतो. त्याला घरी पाठवायचे, समुपदेशनाला पाठवायचे, परिविक्षेवर ठेवायचे की संस्थेत ठेवायचे, हे पुष्कळदा या दोन-तीन पानांच्या दर्जावर ठरते. गुन्हेगारीशास्त्र शिकलेला माणूस ही पाने कशी लिहितो आणि न शिकलेला कशी लिहितो, यातला फरक मी पाहिलेला आहे.

त्या मुलाला पुढे कोणी कामावर ठेवीना असे तुम्ही लिहिता. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकाला मंडळाने दोषी ठरवले तरी त्यापोटी पुढच्या आयुष्यात कोणतीही अपात्रता त्याला चिकटत नाही, ठरावीक काळानंतर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या असतात आणि त्याची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालतो त्यांचा. कायद्याने दिलेली ही नवी सुरुवात आळीच्या तोंडाशी येऊन थांबली. ती का थांबली आणि कोणी काय केले असते तर ती पुढे सरकली असती, हा एम. ए.च्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो आणि तो तुम्हाला कोणत्याही पुस्तकाच्या आधी सुचलेला आहे.

प्रौढांच्या कारागृहात हेच प्रश्न मोठ्या आकारात दिसतात. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, होते. त्यांतल्या अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो, परंतु जामीनदार मिळत नाही. सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन न्यायालयात उभा राहील असा माणूस नाक्यावरच्या मजुराने आणायचा कोठून? वर सांगितलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल, तर मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले बंदी वगळता, त्यांच्या सुटकेसाठी कारागृह अधीक्षकानेच न्यायालयाकडे अर्ज करायचा आहे. तारखा मोजून असे बंदी शोधणारे, त्यांच्या घरच्यांचा पत्ता लावणारे, वकिलाला कागद पोहोचवणारे कोणीतरी लागते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कारागृहांत आणि न्यायालयांत या प्रकारचे काम करत आला आहे.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : हा विषय निवडा, परंतु समाजकार्याच्या वाटेने निवडा. देवनार येथील याच टाटा संस्थेत समाजकार्याच्या एम. ए.मध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि वर्गातल्या तासांइतकेच महत्त्व तेथे क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थी निरीक्षणगृहात, पोलीस ठाण्यातील महिला कक्षात, कारागृहात प्रत्यक्ष काम करतात. पोलीस यंत्रणेत बसून हिंसाग्रस्त स्त्रियांसोबत काम करणारा विशेष कक्ष याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला आणि पुढे तो अन्य राज्यांनीही उचलला. तेथे प्रवेश मिळाला नाही तर पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणाहून एम. एस. डब्ल्यू. करून क्षेत्रकार्य आणि प्रबंध या विषयावर केंद्रित करता येईल. निव्वळ गुन्हेगारीशास्त्राची परंपरा असलेली सरकारी विद्यापीठेही आहेत. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात हा विभाग १९५९ पासून आहे, चेन्नईच्या मद्रास विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही आहे. धारवाड तुमच्यापासून रेल्वेने एका रात्रीच्या आत आहे, हेही लक्षात असू द्या. पुढे प्राध्यापकी करायची असेल तर नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा विषय आहे आणि त्या वेळी या विद्यापीठांतली पदवी अधिक सरळपणे उपयोगी पडते.

समाजकार्याची वाट मी का सांगते, त्याचे कारण जाहिरातींत आहे. परिविक्षा अधिकारी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील पदे, बाल न्याय मंडळाशी आणि मोफत कायदेविषयक मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाशी जोडलेली कामे, स्वयंसेवी संस्थांतील पदे यांच्या जाहिराती गेल्या काही वर्षांच्या काढून पात्रतेचा रकाना वाचा. समाजकार्याचे नाव तेथे जितक्या वेळा दिसते तितक्या वेळा गुन्हेगारीशास्त्राचे दिसत नाही. शिवाय उद्या तुम्हाला या क्षेत्रातून बाहेर पडून रुग्णालयात किंवा शाळेत समुपदेशनाकडे वळावेसे वाटले, तर ती पदवी तेथेही चालते. मिशन वात्सल्य योजनेखालील बाल संरक्षण कक्षातील पदे कंत्राटी असतात, मानधन बेताचे असते आणि ते वेळेवर येईलच असे नाही, हे मी लपवणार नाही. कायम पदांची भरती अधूनमधून निघते आणि तिच्यासाठी चिकाटीने थांबावे लागते. घराला तुमच्या पगाराची गरज पहिल्या वर्षापासूनच असेल, तर हा हिशेब वडिलांबरोबर बसून मोकळेपणाने करा.

खासगी विद्यापीठाच्या प्रवेशाबाबत माझे मत ठाम आहे. कर्ज काढून तेथे जाऊ नका. ज्या क्षेत्रातील सुरुवातीचे उत्पन्न मर्यादित आहे, त्यात शिरण्यासाठी मोठ्या व्याजाचा बोजा घेतला की माणूस दोन वर्षांतच ते क्षेत्र सोडून मिळेल त्या नोकरीकडे वळतो, आणि मग शिकलेले सगळे वाया जाते. त्यांच्या माहितीपत्रकात गुप्तचर संस्था, सायबर कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांची नावे असतील. विभागात कायम अध्यापक किती आहेत, क्षेत्रकार्यासाठी कोणत्या कारागृहाशी किंवा मंडळाशी लेखी करार आहे आणि मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोठे काम करतात, एवढी तीन उत्तरे त्यांच्याकडून लेखी मागा. ती आली नाहीत तर विषय तेथेच संपला.

वडिलांच्या शंकेकडे मी हलकेपणाने पाहत नाही. रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या केलेल्या माणसाने जग पाहिलेले असते आणि मुलीच्या सुरक्षिततेची काळजी त्यातून येते. त्यांना सांगा की परिविक्षा, बाल संरक्षण आणि महिला कक्ष या विभागांत आज मोठ्या संख्येने स्त्रियाच काम करतात आणि कायद्याने बाल न्याय मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर जे दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावीच लागते. चोरीच्या किंवा छळाच्या प्रकरणात सापडलेली मुले आणि बायका पुष्कळदा एका बाईपाशीच पहिल्यांदा खरे बोलतात, हा माझा अनुभव आहे. मनावर ताण येतो, काही प्रकरणे घरी आल्यावरही डोक्यातून जात नाहीत. त्याची तयारी मात्र हवी. त्यांनी सुचवलेली स्पर्धा परीक्षाही सोडू नका. महिला व बालविकास विभागातील पदांसाठीही शेवटी स्पर्धा परीक्षाच द्यावी लागते, त्यामुळे ती तयारी या वाटेच्या आड येत नाही.

अंतिम निर्णयापूर्वी एक गोष्ट अवश्य करा. सातारच्या जिल्हा न्यायालयात जा आणि फौजदारी न्यायालयाच्या मागच्या बाकावर काही दिवस बसा. खटले खुल्या न्यायालयात चालतात, तुम्हाला कोणी उठवणार नाही. बाल न्याय मंडळाचे कामकाज मात्र असे बघता येत नाही आणि ते योग्यच आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला कंटाळा येईल, कारण बहुतेक प्रकरणांत पुढची तारीख पडण्यापलीकडे काही घडत नाही. आरोपी कोण आहेत, त्यांच्यासाठी कोण आले आहे, कोणाचा वकील हजर आहे आणि कोणाचा नाही, साक्षीदार कितव्यांदा हेलपाटा घालत आहे, हे वहीत टिपत जा. तेथूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवक होण्याबाबत चौकशी करा. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही त्या बाकावर जाऊन बसण्याची ओढ राहिली, तर टाटा संस्थेच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या सीयूईटी-पीजी परीक्षेचा अर्ज भरा. तो साधारणपणे हिवाळ्यातच निघतो, आणि पदवीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर वर्ष हातचे जाते. शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी विषय मागितला जाईल तेव्हा निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलांना रोजगार देण्याविषयी गावातील दुकानदार आणि गॅरेजमालक काय म्हणतात, हा विषय मार्गदर्शकांसमोर ठेवा. आळीतल्या मुलाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात येऊ देऊ नका. तो प्रकल्प पुढे प्रवेशाच्या मुलाखतीलाही बरोबर घेऊन जा.